आधी सूर, मग अर्थ

"पुन्हा! पहिल्या ओळीपासून!" मेलेसिओ सरांनी टेबलावर डस्टर आपटला आणि खडूचा धुरळा त्यांच्याच नाकात गेला.

त्रेचाळीस मुलं. त्रेचाळीस उघडी तोंडं, आणि त्यांतून निघणारा आवाज बिघडलेल्या पंपासारखा. स्पॅनिश सक्तीचं होतं, त्यात पास झाल्याशिवाय पदवी नव्हती, म्हणून ही मंडळी इथे बसली होती. इलोइलो शहरातल्या या कॉलेजात सर बारा वर्षं गाण्यांतून स्पॅनिश शिकवत होते. पुस्तक नाही, व्याकरण नाही. स्पेनचा समुद्र, तिथल्या जत्रा, तिथलं प्रेम, सगळं गाण्यातच आहे, असं ते ठासून सांगायचे. मुलं मात्र च्युइंगगम चघळत बाकाखाली डिस्कोचा ठेका धरायची. सरांचं डोकं उठायचं.

"सर," मागून युफ्रासिया उभी राहिली. गाताना हिचे ओठ कधी हलायचे नाहीत, प्रश्न मात्र रोज. "दुसऱ्या ओळीचा अर्थ काय?"

"आधी सूर, मग अर्थ. किती वेळा सांगू?"

"चार महिने सूरच चाललाय, सर." वर्ग फिदीफिदी हसला. "नाही म्हणजे, काल घरी लोलाला ही ओळ म्हणून दाखवली, तिला स्पॅनिश येतं, तर ती म्हणाली..."

"मग लोलाकडूनच मार्क घे ना, पोरी! आजीबाईंना म्हणावं, निकालावर सहीसुद्धा तुम्हीच ठोका."

ती खाली बसली. सरांचे कान तापले होते. गाणं ऐकायचं सोडून त्याची चिरफाड करणारी ही पोरं कुठून पैदा होतात, त्यांना कळेना.

दुपारी प्राचार्या सिस्टर इम्माकुलाडांनी बोलावून घेतलं.

"सोमवारी पाद्रे आन्सेल्मो तपासणीला येताहेत. जन्म स्पेनमधला, वय अठ्ठ्याहत्तर. या वेळी नुसतं ऐकून जाणार नाहीत. मुलांशी, तुमच्याशी बोलणार आहेत."

"बोलणार?"

"तुम्हाला काय चिंता? तुमचा 'र' तर बिशपसारखा घुमतो! पण अहवाल वाईट आला, तर जूनपासून मनिलाची नवी बाई येईल, मेलेसिओ. माझ्या हातात काही नाही."

"आणि मी?"

"तुम्ही चर्चच्या गायकांत आहातच की."

सर बाहेर पडले ते चरफडतच. बारा वर्षांत तपासणी म्हणजे काय, तर पाहुणा दारात आला की स्वागताचं गाणं, मग दुसरं गाणं, मग पानसितच्या शेवया आणि केळ्याचे तळलेले तुरोन. पाहुणा पोटभर खाऊन सही करून जायचा. आता हे बोलण्याचं खूळ कुणी काढलं? चौपन्नाव्या वर्षी दुसरी नोकरी कोण देणार होतं?

आठवडाभर त्यांनी मुलांना पिळून काढलं. घसा बसला, शेजारच्या गणिताच्या बाईंनी दोनदा येऊन भांडण केलं. शुक्रवारी त्यांनी युफ्रासियाला दाराशी बोलावलं.

"सोमवारी तू इथे उभं राहायचं. तुझे मिटलेले ओठ पाद्रेंना दिसायला नकोत. आणि याही वेळी नापासच धरून चाल."

"माझं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे, सर. हा पेपर तिसऱ्यांदा देतेय."

"मग गा!"

"कळलं तर गाईन," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज ढळला नाही.

सोमवारी पाद्रे बोटीवरून थेट आले. पांढरा झगा, हातात काठी. उन्हातून आलेले बघून सिस्टरनी त्यांना शहाळ्याच्या पाण्याचे दोन मोठे ग्लास आग्रहाने प्यायला लावले, वर्गात बसवलं आणि त्या खाण्याचं बघायला गेल्या.

मुलं गायली. आणि काय गायली! एकही सूर घसरला नाही. म्हाताऱ्याने डोळे टिपले. पुढच्या बाकावरच्या क्रिस्पुलोला त्यांनी काहीतरी विचारलं, तर त्या पठ्ठ्याने उभं राहून गाण्याचीच ओळ उत्तरादाखल ठेवून दिली. पाद्रे पोट धरून हसले. सरांचा जीव भांड्यात पडला.

मग पाद्रे उठले, सरांच्या जवळ आले, त्यांचा कोपर धरून हळू आवाजात काही बोलले.

"सी, पाद्रे!" सरांनी मान डोलावून होकार दिला आणि हात उंचावला. मुलांनी दुसरं गाणं सुरू केलं.

पाद्रेंची काठी जमिनीवर टकटक वाजू लागली. गाणं संपायच्या आतच त्यांनी पुन्हा सरांचा हात धरला, आता दोन्ही हातांनी. चेहरा लाल झाला होता, ओठ थरथरत होते. सरांना भडभडून आलं. बारा वर्षांत त्यांच्या गाण्याने कुणी इतकं हललं नव्हतं.

"सी, पाद्रे, सी!" सात कडव्यांचं लांबलचक गाणं त्यांनी राखून ठेवलं होतं. त्यांनी खूण केली.

तिसऱ्या कडव्याला पाद्रेंच्या गालांवरून पाणी ओघळलं. इतक्यात कुणीतरी सरांची बाही ओढली. दार सोडून युफ्रासिया पुढे आली होती. सरांनी डोळे वटारले. ती हटली नाही. बाकी कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने ती त्यांच्या कानाशी वाकली.

"सर, गाणं थांबवा. पाद्रे मघापासून एकच विचारताहेत, संडास कुठे आहे?"