माहेराहून आणलेला गडवा

डोणगावात बियाण्यांचं दुकान चालवणाऱ्या वामनरावांना तीस वर्षं एकच थट्टा पुरली होती. बायको दुकानात आली, की गिऱ्हाइकांसमोर विचारायचे, "तानू, माहेराहून काय आणलं व तू? एक चेपलेला पितळी गडवा, पाणी प्यायचा!" आज तानुबाईच्या तळपायावरच्या काळ्या डागाचा रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, "कातडीचा कॅन्सर पसरलाय. औषध अंगातल्या प्रतिकारशक्तीला जागं करेल; पण ती किती लढेल, हे आईबापांकडून आलेल्या जनुकांवरही ठरतं." बीटी कपाशीच्या बियाण्यातच अळीचा बंदोबस्त असल्याचं वामनराव छातीठोकपणे सांगत; पण गुलाबी बोंडअळीनं यंदा त्यांना तोंडघशी पाडलं होतं. आता बियाण्याचा भरवसा त्यांनाच हवा होता. बाहेरच्या बाकावर त्यांनी तिचा पाय मांडीवर घेतला. "माहेराहून काहीतरी चांगलं आणलं असशीन नं व?" तानुबाई म्हणाली, "चेपलेला गडवा." "चेपलेला नव्हता व तो!" भरल्या व्हरांड्यात वामनराव ओरडले.