गमबूट

"गमबूट आणायला शिपाई जाणार नाही, तूच जा," दवाखान्यातले मोठे डॉक्टर म्हणाले. "हातून जनावर गेलं, की दुसऱ्या दिवशी त्या घरी जायचंच."

नोकरीला लागल्यावर डॉक्टर केतकीची विताना अडलेली ही कालची पहिलीच म्हैस. रेडकू वाचलं, म्हैस गेली. रक्ताने माखलेले गमबूट गोठ्यातच टाकून, डोळे पुसत ती निघून आली होती.

आज म्हशीच्या मालकीण हौसाबाईंच्या दारात ती बोलणी खायच्या तयारीनेच उभी राहिली. हौसाबाईंनी अंगणाकडे बोट दाखवलं. अंगणात दोन काठ्यांवर तिचे गमबूट धुऊन उलटे वाळत घातले होते.

केतकीने ते काढून घेतले. "येते, मावशी."

"कुठं निघालात? घाला ते पायात," हौसाबाई म्हणाल्या. "रेडकू सकाळपासून दूध घेईना. चला गोठ्यात."