मरणाचे तीन फेरे

रंगमंचाखालच्या तळघरात गेन्झो आजोबांनी फिरता रंगमंच ढकलायच्या लाकडी दांड्यावर हात ठेवला आणि हसू मिशीत दाबलं. जपानमधल्या त्या बंदरगावातलं जुनं नाट्यगृह पाडून नगरपालिकेला तिथे गाड्यांसाठी जागा करायची होती. शहरातून आलेल्या प्राध्यापक बाईंनी इथे काही जगावेगळं असल्याचं लिहून दिलं, तरच ते वाचणार होतं.

“आजोबा, नायक मरू लागला की रंगमंच तीनदा फिरवायचा, ही प्रथा फक्त इथेच आहे. जन्ममृत्यूचं चक्रच ना हे?”

“अगदी मनातलं बोललात, बाई.”

बाई भराभरा लिहू लागल्या आणि आजोबांना तरुणपणीची ती दुपार आठवली. दांड्याला खांदा लावून रंगमंच फिरवायला ते धरून चौघे मासेमार असत. वर एक बडा नट मरता मरता भाषण ठोकत होता, पण मरायचं नाव घेईना. तेवढ्यात मासळीच्या होड्या धक्क्याला लागल्याचा भोंगा वाजला; आता मासळी उतरवायला धावायला हवं होतं. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि रंगमंच फिरवून त्याला मागे धाडलं. पण जोर जास्त झाला. नट गोल फिरून पुन्हा प्रेक्षकांसमोर, आणि बोलतोच आहे! पुन्हा फिरवला, तरी बोलतोच आहे. तिसऱ्यांदा मात्र चक्कर येऊन आडवाच आला. टाळ्या थांबेनात. त्यानंतर गावाला साधं मरण कधी चाललंच नाही.

“पण तीनच फेरे का, आजोबा?”

“दोन फेऱ्यांत माणसाचं बोलणं संपत नाही, बाई,” आजोबा डोळे मिटून म्हणाले.

बाईंनी ते वाक्य दोनदा अधोरेखित केलं.