गुलामांची जोडी

नथ्थूनं आपली तीन पानं ओंजळीतच उघडून पाहिली. दोन सत्त्या, एक राणी. हलकी जोडी.

कोळशाच्या खाणीच्या तोंडाशी आंब्याच्या सावलीत चौघं बसले होते. आतल्या जुन्या बोगद्यातले लाकडी टेकू काढायला एकानं आत जायचं होतं. कोणी, ते तुम्हीच ठरवा, असं सांगून मुकादम निघून गेला होता. टेकू निघाले की वरचं छत कधी बसेल याचा नेम नव्हता. सकाळी तिथं खडे गळताना नथ्थूनं स्वतःच्या कानांनी ऐकले होते.

प्रत्येकाला तीन पानं. पसंत नसली तर एकदाच तिन्ही बदलायची. ज्याची पानं सगळ्यांत हलकी, तो आत.

झिंगूनं दोन बादशहा खाली टाकले. डोमाला अठ्ठी, नव्वी, दश्शी अशी ओळच लागली होती. दोघंही सुटले आणि तंबाखू मळायला लागले.

उरले नथ्थू आणि शफी. शफी राजुऱ्याचा, खाणीवर नवा. पत्ते त्यानं कधी हातात धरले नव्हते. खाणीतलं काहीही अडलं की तो नथ्थूलाच विचारायचा, तसंच त्यानं आताही विचारलं. पानं नथ्थूकडे वळवून हळूच म्हणाला, "भाऊ, कसे आहेत हे? ठेवू का बदलू?"

दोन गुलाम, एक तिर्री.

ही पानं राहिली तर आत नथ्थूच जाणार.

"बदल," तो म्हणाला. "काई दम नाई यात."

शफीनं पानं पालथी टाकली, नवी उचलली. दुर्री, पंजी, नव्वी. नथ्थूनं आपल्या दोन सत्त्या मांडल्या. शफीकडे आता साधी जोडीही नव्हती.

शफी उठला, डोक्याला फडकं गुंडाळलं. "तू त बरोबरच सांगतलं, भाऊ. माह्यंच नशीब नाई."

आतून कुऱ्हाडीचे घाव ऐकू यायचे, मध्येच थांबायचे. थांबले की नथ्थू उभा राहायचा. मग एकदम धडाका झाला आणि खाणीच्या तोंडातून धुळीचा लोट बाहेर आला. झिंगू, डोमा धावले. नथ्थूचे पाय जागचे हललेच नाहीत.

धुळीतून शफी चालत आला. खोकत होता, पण धड होता. शेवटचा टेकू खांद्यावर होता.

पिंपापाशी बसून तो हात धुऊ लागला. नथ्थू त्याच्या हातांवर पाणी ओतत होता.

"भाऊ, एक काम कर," शफी हसून म्हणाला. "मले पत्ते शिकव. कोणते ठेवाचे, कोणते टाकाचे, तेवढंच."

नथ्थूच्या हातातला लोटा थांबला. तो म्हणाला, "दोन पानं सारखे आले, त बदलाचे नाई."

शफीनं मान वर केली नाही. हातांचा कोळसा केव्हाच निघाला होता, तरी तो हात चोळत राहिला.