स्मार्ट बोर्डाचा गुण

स्मार्ट बोर्ड आल्यावर मुलांच्या शिकण्यात काय बदल झाला, यावर पीएचडी करणाऱ्या अर्शी शेखनं चार वर्षांत सोलापूर जिल्ह्यातल्या एकोणीस शाळा पायाखाली घातल्या. अठरा शाळांत बोर्ड भिंतीवर लागला होता आणि बदल काडीचाही नव्हता. गाईड सरांनी तर बजावलंच होतं, "काहीतरी निष्कर्ष आण, नाहीतर प्रबंध विसर."

एकोणिसावी शाळा करकंबजवळच्या वस्तीवरची. तिथं चौथीची पोरं धडाधडा वाचत होती, भागाकार तोंडी करत होती. अर्शीचा जीव भांड्यात पडला.

"बोर्ड कुठं लावलाय हो?" तिनं शाळेची खिचडी शिजवणाऱ्या बजाबाईंना विचारलं.

"त्यो काय, कोपऱ्यात. आला तसा खोक्यातच हाय."

"मग पोरं एवढी हुशार कशी झाली?"

"आवो, बोर्ड खोक्यासकट चोरीला गेला तर गुरुजींची नोकरी जाणार, असा कागद आलाय की वरनं. आदी गुरुजी बाराच्या एसटीनं कुर्डुवाडीला पळायचे. आता दिवसभर खोक्याची राखण करत बसत्यात. नुसतं बसून तरी काय करणार? शिकवत्यात बिचारे."

अर्शीनं तिथंच, खिचडीच्या चुलीशेजारी बसून, प्रबंधातली शेवटची शिफारस लिहून टाकली.

 

'प्रत्येक शाळेस स्मार्ट बोर्ड तातडीने देण्यात यावा. मात्र तो कोणत्याही परिस्थितीत खोक्यातून बाहेर काढू नये.'