हिरवी की काळी

"हा कोनता रंग होय, पाह्य बरं. हिरवा का काया?"

सेवकरामने जीपच्या स्टेअरिंगखालून एक वायर ओढून धरली. शकुंतलाबाईने तिच्यावर टॉर्च मारला. वायर चांगली हिरवीगार होती.

"काया," ती म्हणाली.

सेवकरामने ती वायर काळीला जोडली आणि वरून टेप गुंडाळली. पस्तीस वर्षांच्या संसारात शकुंतलाबाई नवऱ्याशी कधी खोटं बोललीच नव्हती, असं नाही. डॉक्टरने बंद केलेलं लोणचं ती अजूनही त्याच्याआड खायची. पण त्याच्या हातातल्या कामात तिने आज पहिल्यांदाच खोटं घुसवलं होतं.

काम तसं सकाळीच संपायला हवं होतं. जीपचं स्टेअरिंग तडकलं होतं. सेवकरामने लाखनीच्या भंगारवाल्याकडून दुसरं आणलं. "मेकॅनिक कायले लागते? मी काय मेलो का?" म्हणत स्वतःच पाना घेऊन बसला. तीस वर्षं त्याने चिखल्याच्या खाणीवर कामगारांची ने-आण केली होती, गाडीला कधी ओरखडा येऊ दिला नव्हता. नट निघाला, पण जुनं चाक काही निघेना. त्याने पाय टेकवून असा हिसका दिला की चाक तर आलंच, खालच्या वायरींचा झुपकाही तुटून आला. चावीच्या वायरीसुद्धा त्यातच गेल्या. नवं चाक दुपारपर्यंत बसलं, सरळही बसलं. आता वायरी तेवढ्या राहिल्या होत्या.

आणि उद्या सकाळी त्याला नातीला आणायला शहापूरला जायचं होतं. टीना दिवाळीच्या सुट्टीत तिथे मामाकडे आली होती. "आबाजी, जीपच घेऊन या हं," असं त्या सात वर्षांच्या पोरीने फोनवर त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

सेवकरामला नीट दिसत नव्हतं. वर्षभर दिसत नव्हतं. हे शकुंतलाबाईला ठाऊक होतं, पण घरात कोणी त्याचं नाव काढायचं नाही. एकदाच ती म्हणाली होती, डोळे दाखवून घ्या. तर हा बाप्पा दोन दिवस जेवला नाही. तेव्हापासून ती जीपमध्ये बाजूला बसायची आणि तोंड चालू ठेवायची. "अगाई, तो सायकलवाला पाहा कसा मधातूनच चालला!" की सेवकराम ब्रेक दाबायचा. "एवढ्या म्हशी कोनाच्या हो?" की गाडी हळू व्हायची. लोक हसायचे, सेवकरामची बायको किती बोलते! बोलू दे लोकांना. जीप ती दोघं मिळून चालवत होती.

पण उद्या धान कापायला बाया येणार होत्या. तिला वावर सोडता येत नव्हतं. हायवे, ट्रकामागे ट्रक, आणि जीपमध्ये फक्त तो आणि टीना. रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"अन् हा?"

"हिरवा," तिने काळ्या वायरीकडे पाहून सांगितलं.

सेवकरामने बॅटरी लावली. चावी फिरवली. इंजिन हूं की चूं करेना. वायपर मात्र करकर करत हलायला लागला. एरवी ती पोट धरून हसली असती. त्याने सगळं सोडलं, पुन्हा विचारत विचारत जोडलं. ती पुन्हा उलटंच सांगत गेली. तिसऱ्या खेपेला तर वायपरही हलला नाही.

सेवकराम खाली उतरून दाराच्या पायरीवर बसला. हाताला लागलेलं ग्रीस पंच्याला पुसत राहिला.

"नाही होत," तो म्हणाला. "उद्याचं राहू दे."

शकुंतलाबाई जिंकली होती. टीना वाचली होती. आता गप्प राहायचं, चहा ठेवायचा, बस! पण त्याची ती मान खाली घातलेली तिला बघवेना. तीस वर्षांचा ड्रायव्हर, आणि त्याला वाटतंय की आपल्याला चार वायरी जोडता येत नाहीत. तिच्या डोळ्यांत घळकन पाणी आलं.

"अवो, तुमचं नाही चुकलं. मीच उलटं सांगतलं. हिरव्याले काया म्हनली. तुमाले दिसत नाही अन् उद्या मी संग नाही. मले लय भेव लागून राहिलं टीनाचं. मारा मले, पन जाऊ नका."

सेवकराम उठला, आत वाकला. टॉर्च मागितला नाही, रंग विचारला नाही. त्याने चक्क डोळे मिटून घेतले. बोटांनी एकेक वायर चाचपली, चिमटीत तिची जाडी बघितली, टेप सोडली, जोडली. दोन मिनिटंही लागली नसतील. चावी फिरवली आणि जीप धडधडून सुरू झाली.

शकुंतलाबाईने कपाळावर हात मारला. आता याला कोण अडवणार?

सेवकरामने इंजिन बंद केलं. चावी काढली आणि तिच्या हातात ठेवली.

"शेजारच्या धर्मेंद्रले फोन लाव. त्याच्या गाडीनं टीनाले आनू." मग तिच्याकडे न पाहता म्हणाला, "तू खोटं सांगून राहिली, हे पयल्याच वायरीले समजलं होतं मले. तरी जोडत गेलो. गाडी बिघडली म्हनून सांगता येते वं लोकायले. डोये बिघडले, हे मले तुलेबी सांगता येत नव्हतं."