आईचे संवाद

"ओठ जुळत नाहीयेत," डबिंगवाल्या बाईंनी हेडफोन काढून ठेवला. "तुमच्या कागदावर एक, आणि पडद्यावर आजी बोलतात भलतंच!"

बोलणारच. पडद्यावरची आजी म्हणजे दिग्दर्शकाची आई. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, म्हणून चारही सिनेमांत नटी तीच. आधीचे तीन पंचवीस-तीस जणांनी पाहिले, त्यातले निम्मे नातेवाईक. जागेवर आवाज टिपणं परवडायचं नाही आणि पाठांतराच्या नावाने आईची बोंब. त्यावर त्याने तोडगा काढला होता. रस्त्यापलीकडच्या गच्चीवर कॅमेरा लावायचा आणि ओरडायचं, "आई, काहीही बोल, फक्त तोंड थांबवू नकोस! आवाज नंतर भरू." मधल्या रहदारीत तिचं बोलणं त्याला कधीच ऐकू आलं नाही.

शूटिंग संपलं आणि पाचव्या दिवशी आई झोपेतच गेली. हृदय बंद पडलं. "एका शब्दाने बोलली नाही हो," भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा आणि ढसाढसा रडायचा. समोरासमोर स्वतःचं दुखणंखुपणं सांगायचा तिचा स्वभावच नव्हता.

आता एका महोत्सवाने सिनेमा मागितला होता. वीस वर्षांत पहिल्यांदा. मुदत सोमवारची. ओठ जुळवायचे तर आई खरंच काय बोलली ते कळायला हवं. म्हणून त्याने कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या शिक्षिकेला बोलावलं. त्या ओठांवरून बोलणं ओळखत.

शिक्षिका पडद्याजवळ खुर्ची ओढून बसल्या. पहिल्या प्रसंगात आई शेजारणीला नावं ठेवत होती. दुसऱ्यात म्हणत होती, "हा मेला सिनेमा कोण बघणार आहे? पण पोरगं खूश आहे ना, झालं तर मग." दिग्दर्शक कितीतरी दिवसांनी हसला. हेच ठेवू, म्हणाला. आपण लिहिलं त्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

शेवटचा प्रसंग लागला. बाकावर एकटी बसलेली आई. शिक्षिकेने तो दोनदा पाहिला आणि खुर्ची मागे सरकवली.

"सांगा ना, बाई. यावरच सिनेमा संपतो."

"त्या म्हणतायत, 'राजा, छातीत फार दुखतंय रे. दवाखान्यात नेतोस का?'"

दिग्दर्शकाने चित्र थांबवलं. या प्रसंगाचे सात टेक होते. दर वेळी आई मध्येच थांबायची आणि तो गच्चीवरून खेकसायचा, बोलत राहा म्हणून. त्याने एकेक टेक लावला. निदान एकात तरी ती काही वेगळं बोलली असेल.

"सहा टेकमध्ये हेच आहे," शिक्षिका म्हणाल्या. "सातव्यात म्हणतात, 'बरं, राहू दे. तुझं होऊ दे आधी.'"